भिंगाचा दोष

माणूस समोर आला की ते आधी नुसत्या डोळ्यांनी बघत नसत. हात कोटाच्या डाव्या खिशात जाई, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एखादं भिंग बाहेर येई, आणि ते दोन बोटांत धरून, एक डोळा मिटून ते समोरच्याला न्याहाळत. अमरावतीच्या भूमापन कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मलाही असंच पाहिलं. मी नेमणुकीचा कागद हातात घेऊन टेबलासमोर उभा होतो. बराच वेळ पाहून झाल्यावर भिंग पुन्हा गुंडाळत ते म्हणाले, "अंगानं काटकुळे दिसता, पन उभे बरोबर राहता. मोजनीची साखळी धरता येईन तुमाले."

ते कचेरीतले मुख्य नकाशा काढणारे. सगळे त्यांना भाऊजी म्हणत, साहेबसुद्धा. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. उजव्या हाताच्या बोटांना शाई आणि डाव्या हाताच्या बोटांना फोटोच्या औषधांचे काळपट तपकिरी डाग. दोन्ही हात धुतल्यावरही तसेच राहत, आणि जेवताना नवखा माणूस त्या हातांकडे बघून जरा थबके. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणारे दोन भाऊ कचेरीत आले, की भाऊजी नकाशा उलगडत, धुऱ्याच्या रेषेवर भिंग ठेवत आणि दोघांनाही त्यातून पाहायला लावत. रेष भिंगातून बोटाएवढी जाड दिसे. मग ते सांगत की ही रेष शाईची आहे, जमिनीवर अशी काही रेष नसते. कोणाचं भांडण त्याने मिटलं असेल असं मला वाटत नाही. पण दोघे पुन्हा एकदा वाकून भिंगातून पाहत.

त्यांना फोटोचा नाद होता. नाद म्हणजे धंदा नव्हे. कोणाच्या लग्नाचा, मुंजीचा फोटो त्यांनी कधी काढला नाही. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून त्यांनी एक जुना लाकडी कॅमेरा आणला होता. पुढे भाता, मागे दुधी काच, वर डोक्यावरून घ्यायचं काळं कापड, खाली तीन पायांची घोडी. त्या कॅमेऱ्याची एक गंमत अशी होती की त्याची पुढची फळी निघायची. भिंग बसेल एवढं भोक पाडलेली दुसरी फळी सुताराकडून करून घेतली की कुठलंही भिंग त्याला चालत असे. आणि तिथेच भाऊजींचा घात झाला. एखाद्या फिरत्या सिनेमावाल्याच्या मोडलेल्या यंत्रातलं भिंग, लढाईनंतर भंगारात निघालेल्या दुर्बिणीतलं भिंग, बडनेऱ्याच्या एका म्हाताऱ्या गार्डसाहेबाने आवराआवर करताना देऊन टाकलेलं भिंग, सगळं त्यांच्याकडे येऊन पडे. मी गेलो तेव्हा चौदा भिंगं होती. चार वर्षांनी मी तिथून निघालो तेव्हा सत्तावीस झाली होती.

प्रत्येक भिंग कुठून आलं त्या गावाच्या नावाने ते ओळखत. बडनेऱ्याचं, धामणगावचं, मूर्तिजापूरचं. पावसाळ्यात दमट हवेने भिंगाच्या आत बुरशीचं जाळं धरतं, म्हणून ते तांदूळ कोरडे भाजून त्याच्या पुरचुंड्या डब्यांत ठेवत. हे काम वहिनींचं. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना मूलबाळ नव्हतं. तांदूळ भाजताना त्या म्हणत की माझ्या घरात माणसं ज्वारी खातात आणि काचा भात खातात.  खोटं नव्हतंच ते.

शनिवारी कचेरी दुपारी सुटे. पाचाच्या सुमारास त्यांच्या ओसरीवर मंडळी जमत. एक शाळेतले ड्रॉइंगचे गुरुजी आणि एक वैद्यबुवा. हे दोघे वीस वर्षांचे सोबती. अधूनमधून आणखी कोणी. कधी अकोल्याहून एक चश्मेवाले चाचा येत. त्यांचं मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, एका गल्लीत, एका माणसाला बसता येईल एवढं दुकान होतं, आणि भाऊजींची निम्मी भिंगं त्यांच्याच हातून आली होती. ओसरीवर धुवट पांढरं धोतर अंथरलं जाई, त्यावर भिंगं मांडली जात, आणि तिथून पुढचे दोन तास याच भिंगाची पत मोठी की त्याची, यावर बोलणं चाले. भिंगाला काठावरून धरायचं. मधे अंगठा लागला की भाऊजी ते हातातून काढून घेत, त्यावर श्वास सोडत आणि पुसत बसत. तो माणूस त्या दिवशी पुन्हा हात लावत नसे.

रविवारी सहल. कधी सायकलींवर, कधी मोटारीने, कधी बडनेऱ्याहून गाडी धरून. सोबत भाकरी, पिठलं, ठेचा, दिवस असतील तर संत्री. दिवसभराला फोटोच्या काचेच्या प्लेटा फक्त दोन. भाऊजी दोनच आणत. मग त्या दोन प्लेटांसाठी जी काही तयारी चाले ती बघून एखादा कंटाळून झोपी गेला तर नवल नाही. समोर माणूस उभा करून ते काळ्या कापडात शिरत आणि तिथेच राहत. माणूस आधी ताठ उभा राही, मग हसू तोंडावर धरून ठेवी, मग ते हसू गळून पडे, मग तो इकडेतिकडे बघू लागे. आतून आवाज येई, "थांबा. तुमी अजून आले नाई." त्यांचं म्हणणं असं की माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा तो तिथे नसतोच, त्याने पाठवलेला दुसराच कोणी असतो. खरा माणूस यायला वेळ लागतो. तो आला की ते भिंगावरचं झाकण काढत, तोंडातल्या तोंडात तीन आकडे मोजत आणि झाकण लावत. त्यांच्या त्या फोटोंतली माणसं अजून मला रस्त्यात भेटल्यासारखी वाटतात.

मला या मंडळींत त्यांनीच ओढलं. मोजणीला मी साखळी धरून न हलता उभा राहतो, एवढीच माझी लायकी त्यांनी पाहिली होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला घोडी धरायला बोलावलं आणि मी गेलो.

माझ्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. वडील लवकर गेले. आई अकोल्याला जिनिंगमध्ये कापूस निवडायच्या कामावर होती, आणि त्या कामावर तिने मला मॅट्रिक केलं. वस्तीतून सरकारी नोकरीत लागलेला मी दुसरा. कचेरीत माझं आडनाव सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. कोणी वाईट बोलत नसे. पाण्याच्या माठाजवळ मी गेलो की शिपाई लगबगीने उठे आणि स्वतः वरून पाणी ओते, इतकंच. बरेचदा ते आदरासारखं दिसे.

भाऊजींच्या ओसरीवरही असंच होतं. चहा आला की बाकीच्यांना पितळी पेल्यांत येई. माझ्यासाठी निळ्या काठाचा चिनी मातीचा एक कप होता. तो अंगणाच्या भिंतीतल्या कोनाड्यात असे. मी स्वतः उठून तो आणत असे, वहिनी वरून चहा ओतत, पिऊन झाल्यावर मी तो नळाखाली धुऊन कोनाड्यात ठेवत असे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या शनिवारी वहिनींनी नजरेने कोनाडा दाखवला आणि मला समजलं. सहलीला जेवताना वैद्यबुवा मोठ्या मायेने म्हणत की तुम्ही तरुण आहात, तिकडे झाडाखाली ऐसपैस बसा. मी बसे. गुरुजी ठेच्याचं पान माझ्याकडे सरकवत, पण हात लांब करून. आणि भाऊजी? भाऊजी ठेच्याचा डाग भिंगाला लागू नये म्हणून पाठ फिरवून जेवत असत. त्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. एक वर्ष मी तिथे जात राहिलो. काहून जात होतो, असं आईने एकदा विचारलं. मी सांगितलं की तिथे बोलणं चांगलं असतं. ते खरं होतं.

पुढच्या हिवाळ्यात चाचांनी त्यांच्यासाठी एक रुंद भिंग आणून ठेवलं. लहानशा जागेतून पुष्कळ रुंदी पकडणारं भिंग. भाऊजी अकोल्याहून ते घेऊन आले तेव्हा त्यांनी बडनेऱ्यापासून घरापर्यंत ते हातात धरून आणलं होतं, पिशवीत ठेवलं नव्हतं. पुढच्याच रविवारी कौंडण्यपूरला जायचं ठरलं. वर्धा नदीच्या काठी, देवळाखालच्या पायऱ्यांवर सगळ्यांना एका ओळीत उभं करून पहिला फोटो त्या भिंगाने काढायचा होता. आम्ही सहा जण होतो. भाऊजी कापडात गेले. वैद्यबुवा, गुरुजी, गुरुजींचे दोन पाहुणे, असे सगळे सरकत सरकत उभे राहिले. शेवटच्या टोकाला मी. गुरुजींचं उपरणं वाऱ्याने माझ्याकडे उडालं, त्यांनी ते आवरून घेतलं, आणि मी एक पाऊल बाजूला झालो. सवयीनेच झालो. भाऊजींनी झाकण काढलं, तीन मोजले, झाकण लावलं.

पुढे जे घडलं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. काही वहिनींकडून, काही चाचांकडून. पण घडलं त्या क्रमानेच सांगतो.

भाऊजींनी प्लेट धुतली, कागदावर फोटो उतरवला आणि तो वाळल्यावर त्यांना त्यात खोट दिसली. चार माणसं एकमेकांना लागून उभी आहेत आणि पाचवा सुटून पडला आहे. नकाशा काढणारा माणूस. त्यांनी कंपासपेटीतून अंतर मोजायचं दोन टोकांचं कर्कटक काढलं आणि प्रत्येक दोन माणसांमधली जागा मोजली. माझ्या आणि गुरुजींच्या मधली जागा बाकीच्यांच्या तिप्पट भरली. त्यांनी ठरवलं की हा रुंद भिंगाचा दोष आहे. अशी भिंगं काठाला ओढून धरतात हे त्यांना ठाऊक होतं. मधलं नीट राहतं आणि टोकाचं फाकतं. पुढच्या सुट्टीला ते फोटो घेऊन अकोल्याला गेले आणि चाचांसमोर ठेवून म्हणाले की हे भिंग कडेच्या माणसाला दूर फेकतं, परत घ्या.

चाचांनी चश्मा वर सरकवून फोटो पाहिला. मग दुकानाच्या दारात उजेडाला नेऊन पाहिला. आत येऊन त्यांनी तो भाऊजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "भाऊजी, काँच में कोई खोट नहीं. वो लड़का खुदही दूर खडा हाये."

भाऊजींना ते पटलं नाही. घरी येऊन त्यांनी अंगणात सात विटा एका ओळीत मांडल्या, दोरीने मापून, प्रत्येक दोन विटांत बरोबर एक हात. त्या रुंद भिंगाने विटांचा फोटो काढला. तो मोजला. सातही विटा सारख्या अंतरावर होत्या, काठाची वीटसुद्धा. वहिनी सांगत होत्या की त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत. विटा दोन दिवस अंगणात तशाच होत्या, आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

सोमवारी अकराच्या सुमारास ते माझ्या टेबलापाशी आले. कचेरी भरलेली होती. त्यांनी कौंडण्यपूरचा फोटो माझ्यासमोर ठेवला, शेजारी मापं लिहिलेला कागद ठेवला, आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मी भिंग तपासलं. भिंगात दोष नाई. मंग तुमी इतके दूर काहून उभे होते?"

खोलीतले टाक थांबले. मला त्या क्षणी जे वाटलं ते आजही सांगता येत नाही. वर्षभर जे मी एकट्याने गिळत होतो ते या माणसाने मोजून, कागदावर लिहून, बारा लोकांसमोर टेबलावर मांडलं होतं. आणि वर मलाच विचारत होता.

मी म्हणालो, "भाऊजी, वर्षभर मी तुमच्या घरी कोनत्या कपात चहा पेतो, कधी पाहिलं का तुमी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. खिशात हात गेला नाही. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "कोनत्या?"

तो प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागला. ते टाळत असते, रागावले असते, तर मी त्यांना ओळखू शकलो असतो. मी फोटो उलटा करून ठेवला आणि काम करू लागलो. त्या शनिवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. सुट्टीला मी अकोल्याला आईकडे जाऊ लागलो.

त्या सोमवारी ते घरी गेले आणि त्यांनी वहिनींना कपाबद्दल विचारलं. वहिनींनी कोनाडा दाखवला. ते अंगणात उतरले. कप घेऊन आत गेले आणि म्हणाले की मला यात चहा द्या. वहिनींनी दिला नाही. त्यांनी दुसऱ्या कशातही घेतला नाही. चार दिवस घरात चहा झाला नाही. पाचव्या दिवशी वहिनींनी तो कप घासला, त्यांना त्यात चहा दिला, आणि नंतर तो फळीवर पितळी पेल्यांच्या ओळीत ठेवला. हे मला वहिनींनीच सांगितलं, पुष्कळ दिवसांनी. सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही आणि स्वतःचं कौतुकही केलं नाही. माझ्या सासूने मला जे दाखवलं ते मी करत होते, एवढंच म्हणाल्या.

अडीच-तीन महिने गेले. कचेरीत आम्ही कामापुरतं बोलत होतो. एका रविवारी सकाळी मी आईच्या घराबाहेर दाढी करत बसलो होतो. पाहतो तो समोरून भाऊजी येत होते. खांद्यावर घोडी, हातात कॅमेऱ्याची पेटी, टोपी घामाने भिजलेली. स्टेशनपासून चालत आले होते, मोर्णेचा पूल ओलांडून, विचारत विचारत. वस्तीतली लोकं दारात येऊन बघत होती. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "घरात येऊ का?"

मी वस्तरा खाली ठेवला. साबण तोंडावर वाळत होता. आईने आतून विचारलं कोण आहे. मी म्हणालो, कचेरीतले. तिने एक चटई टाकली आणि पाण्याचा गडवा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला आणि सगळं पाणी प्यायले, दम न घेता. मग तोंड पुसून म्हणाले, "मायबाई, तुमचा आन् तुमच्या लेकाचा एक फोटो काढतो."

आई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "आमच्या घरचं पानी पेले म्हनून फोटो काढू देऊ का तुमाले? पानी तं आमी वाटसरूलेबी देतो."

मी मान वर केली नाही. भाऊजींनी थोडा विचार केला. त्यांना असं काही विचारलं की ते खरंच विचार करत. मग म्हणाले, "नाई. फोटोसाठी नाई पेलो. तहान लागली होती. पुलापासून छाया नाई कुठंच."

आई त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. एवढ्या वर्षांत आमच्याकडे जी मोठी माणसं पाणी प्यायला आली त्यांनी त्याचं काही ना काही भाषण केलं होतं. तहान लागली होती असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने त्यांना भाकरी वाढली. ते जेवले. जेवताना त्यांनी एकदाही पाठ फिरवली नाही. पण फोटोचं ती काही ऐकेना. शेवटी हात धूत असताना म्हणाली, "काढाचाच असन तं बायांचा काढा. विहाराच्या विटा त्याईनं डोक्यावर वाहिल्या. गवंड्याले पैसे दिले लोकाईनं, पन विटा बायाईच्या."

वस्तीत नवं बुद्धविहार बांधून झालं होतं. तासाभरात तीस-पस्तीस बायका विहारासमोर गोळा झाल्या. पांढरी लुगडी, काहींच्या कडेला लेकरं. भाऊजींनी घोडी लावली आणि पहिलं भिंग बसवलं. त्यात निम्म्याच बायका मावल्या. मागे सरकायला जागा नव्हती, मागे गटार होतं. मग त्यांनी पेटीतून रुंद भिंगाची फळी काढून बसवली. कापडात शिरले. मी लांब, विहाराच्या भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, आता तासभर हे बाहेर येणार नाहीत.

ते लगेच बाहेर आले. मला म्हणाले, "इकडे या. पाहा."

त्या कापडात त्यांनी वीस वर्षांत कोणाला शिरू दिलं नव्हतं, गुरुजींनासुद्धा नाही. मी गेलो, कापड डोक्यावर घेतलं. दुधी काचेवर सगळं उलटं दिसत होतं. आकाश खाली, विहार उलटं, आणि बायका डोकं खाली करून टांगलेल्या, एकमेकींना खांदे लावून. आई मधे होती. बाहेरून त्यांचा आवाज आला, "कोनी दूर हाये का?"

मी नीट पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. म्हणालो, "नाही."

"मंग झाकन काढा. तीन मोजा. घाई नका करू."

मी बाहेर येऊन झाकण काढलं, तीन मोजले, झाकण लावलं. तो फोटो मी काढला असं भाऊजी पुढे सगळ्यांना सांगत. तसं काही नव्हतं. तो विहारात लागला आणि पुष्कळ वर्षं तिथे होता. आई त्याकडे फारशी बघत नसे. पण पाहुणा आला की त्याला तिकडे घेऊन जाई.

माणसं ही गोष्ट ऐकतात तेव्हा भाऊजींना फार मोठं करतात. मला ते बरं वाटत नाही. एक वर्ष त्यांना दिसलं नव्हतं, आणि दिसलं तेव्हा त्यांनी ते भर कचेरीत माझ्या अंगावर टाकलं होतं. कचेरीत त्यानंतर काही जण माझ्याशी जास्त गोड वागू लागले आणि काही जण अजिबात बोलेनासे झाले. दोन्ही मला जड गेलं. भाऊजींबरोबरही मी पुन्हा पहिल्यासारखा झालो नाही. शनिवारी जात होतो, चहा पीत होतो, बोलत होतो. पण मनात काहीतरी ताठ झालं होतं ते पुन्हा वाकलं नाही.

त्यांनाही ते फुकट पडलं नाही. अकोल्याच्या जेवणाची बातमी दोन दिवसांत अमरावतीला पोचली. वैद्यबुवा ओसरीवर यायचे थांबले. आधी तब्येतीचं कारण सांगितलं, मग तेही सांगितलं नाही. गुरुजी दोन शनिवार आले, कोपऱ्यात बसले, चहा नको म्हणाले. तिसऱ्या शनिवारी आले नाहीत. भाऊजी पाचाला धोतर अंथरत, भिंगं मांडत, आणि सात वाजता उचलत. मी असे, कधी चाचा असत. एकदा त्यांनी रस्त्यात वैद्यबुवांना गाठून नवं आणलेलं भिंग दाखवलं. वैद्यबुवांनी ते उन्हाकडे धरून पाहिलं, छान आहे म्हणाले, परत दिलं आणि पुढे गेले. भाऊजींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण ते दोनदा म्हणाले, की त्याने भिंग बरोबर काठाला धरलं होतं.

पुढे माझी बुलढाण्याला बदली झाली. लग्न झालं, मुलं झाली. पाचसहा वर्षांत पत्रं चार-पाच झाली असतील. एक दिवस वहिनींचं कार्ड आलं, की त्यांना अर्धांगाचा झटका आला आहे आणि तुमची आठवण काढतात. मी गेलो.

ओसरीवर खाटेवर होते. डावी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. कोनाड्यात, फळीवर, कपाटात कुठेच डबे दिसत नव्हते. मी विचारलं. ते म्हणाले की एका शाळेच्या मास्तरला सगळी भिंगं देऊन टाकली, पोरं त्यातून पानाच्या शिरा पाहतात, मुंगीचं तोंड पाहतात. पोरं मधे अंगठे लावत असतील, मी म्हणालो. लावत असतील, ते म्हणाले.

"रुंद भिंगही दिलं?"

"तेबी देलं. ते चांगलं होतं."

वहिनी आत गेल्या होत्या. मला जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. भाऊजी, तुम्ही मला एकट्याला बाजूला घेऊन का नाही विचारलं? सगळ्यांसमोर का विचारलं?

त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला. जिभेमुळेही लागला असेल. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून एकेक शब्द येत होता.

"मले वाटत होतं, तुमी काही तरी दुसरं सांगसान. पाय घसरला, ऊन डोयात गेलं, काहीबी. मी तुमाले विचारत नवतो. मी म्हनत होतो, भिंगाचाच दोष निघू दे. भिंग बदलता आलं असतं."

त्यांच्या चांगल्या डोळ्यात पाणी आलं होतं. का दोन्ही डोळ्यांत आलं होतं आणि मला एकच दिसत होता, ते आठवत नाही. मी त्यांचा हात धरला.  माझ्यात जे ताठ होतं ते त्या दिवशी सगळं गेलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण हात मी पुष्कळ वेळ सोडला नाही.

तीन आठवड्यांनी ते गेले. कार्ड अकोल्याच्या पत्त्यावर आलं, कारण मी तेव्हा आईकडे होतो आणि वहिनींना तसं कळवलेलं होतं. मी कार्ड वाचलं आणि आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवला आणि विचारलं, "त्याईले लेकरं?"

नव्हती, मी म्हणालो.

"मंग उठ. पयल्या गाडीनं जाय." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "बाईजवळ बसजो. बोलाचं सुचलं नाई तं नको बोलू. पन लवकर उठू नको."

मी गेलो. दिवसभर माणसं येत-जात होती. वैद्यबुवा आले, दारात हात जोडून थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. गुरुजी मात्र आत येऊन तासभर भिंतीशी बसले. वहिनी खाटेच्या रिकाम्या जागेशेजारी बसून होत्या. मी त्यांच्याजवळ बसलो.  दिवेलागणीच्या सुमाराला त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची गाडी चुकन आता."

मी म्हणालो, मागून आणखी एक आहे. ती नव्हती.